शाळेची वाट मार्केट यार्डातून जाते तेव्हा

१६ जून २०२५ ला शाळा सुरू झाल्या. त्याआधी आठ दिवस पालकांचे फोन येत होते आणि बहुतेकांचा प्रश्न एकच होता, "टीचर, कोरोना परत आलाय म्हणे. मास्क लावून पाठवू का?" प्रश्न चुकीचा नाही. मे महिन्यात केरळ, महाराष्ट्र आणि दिल्लीत रुग्ण वाढल्याच्या बातम्या आल्या, टीव्हीवर पुन्हा तेच जुने फोटो दिसू लागले. पण हे ओमायक्रॉनचेच उपप्रकार होते आणि बहुतेकांना सर्दी-तापावरच निभावत होते. ताप असलेल्या मुलाला घरी ठेवा, खोकणाऱ्याला मास्क द्या, एवढे पुरे आहे. मला काळजी वाटली ती दुसऱ्याच गोष्टीची. मूल कोणत्या रस्त्याने येणार, कोणाच्या गाडीत बसणार, त्याची कोणती लस राहिली आहे, शाळेत ते कोणते पाणी पिणार, हे एकाही फोनवर कोणी विचारले नाही.

मार्केट यार्ड आणि आजूबाजूच्या वस्त्यांमधून, म्हणजे आंबेडकरनगर, प्रेमनगर, गुलटेकडी, पलीकडे बिबवेवाडी आणि वर कोंढव्यापर्यंत, आपली शेकडो मुले शाळेला निघतात. कोणाचे वडील फळबाजारात गाळ्यावर आहेत, कोणाचे भुसार विभागात हमाल, कोणाचा टेम्पो आहे, कोणी कांदा-बटाट्याचा किरकोळ धंदा करतो. या मुलांना सुरक्षित ठेवणारे नियम, लसी आणि समित्या बहुतेक सगळ्या कागदावर आधीच आहेत. मात्र जो पालक जाऊन विचारतो त्याच्याच मुलापर्यंत त्या पोहोचतात. आपल्या घरांतून विचारायला फार कमी लोक जातात, आणि त्याची कारणे आळसाची नाहीत, कामाच्या वेळांची आहेत.

आधी रस्त्याचे पाहू.

यार्डाचे घड्याळ शहरापेक्षा वेगळे आहे. फळे आणि भाजीपाल्याच्या गाड्या रात्रभर येतात, पहाटे बोली, मग किरकोळ विक्रेत्यांचे टेम्पो, तीनचाकी आणि हातगाड्या भरून बाहेर पडतात. भुसार विभागातले धान्याचे ट्रक दिवसाही चालू असतात. सकाळी सात ते दहा या वेळात बाजार रिकामा होत असतो आणि नेमकी त्याच वेळी मुले दप्तर घेऊन रस्त्यावर येतात. वखार महामंडळ चौक, शिवनेरी रस्ता, गंगाधाम चौक, ही नावे इथल्या प्रत्येक आईला पाठ आहेत. आईमाता मंदिराकडून गंगाधामकडे येणारा उतार तर विचारू नका. भरलेल्या गाडीचा ब्रेक तिथे लागला नाही तर पुढे कोण आहे हे नशिबावर असते. शाळा उघडायच्या आठवडाभर आधीच, जून २०२५ मध्ये, गंगाधाम चौकात ट्रकच्या धडकेने दुचाकीवरच्या एका तरुण महिलेचा जीव गेला. अवजड वाहनांना दिवसा बंदी असताना ती येतात कशी, यावर मग चार दिवस चर्चा झाली. असा आवाज दर अपघातानंतर होतो.

यात एक गुंता आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने ठरवले की पूर्व प्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत. कारण योग्य होते: मुलांची झोप पूर्ण होत नाही. शिक्षिका म्हणून मी या निर्णयाच्या बाजूने आहे, सातच्या वर्गात डुलक्या घेणारी सहा वर्षांची मुले मी वर्षानुवर्षे पाहिली आहेत. पण मार्केट यार्डात नऊचा अर्थ वेगळा होतो. पूर्वी लहान मूल पावणेसातला, रस्ता जरा मोकळा असताना जायचे. आता ते साडेआठला, टेम्पोंच्या ऐन गर्दीत निघते. शिवाय दोन मुले असतील तर मोठ्याची शाळा सातची आणि धाकट्याची नऊची, म्हणजे अम्मीच्या दोन फेऱ्या. पहाटे कामावर गेलेला अब्बू यातली एकही करू शकत नाही. मग मोठी बहीण धाकट्याला घेऊन जाते, तीही दहा-अकरा वर्षांचीच.

निर्णय मागे घ्या असे मी म्हणत नाही. पण शाळेची वेळ बदलली की रस्त्यावरची व्यवस्थाही बदलायला हवी. साडेआठ ते नऊ आणि सुटण्याच्या वेळी अर्धा तास चौकात वाहतूक पोलीस किंवा वॉर्डन, फाटकासमोर झेब्रा पट्टे आणि गतिरोधक, एवढीच मागणी आहे. ती वाहतूक शाखेकडे आणि पुणे महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात लेखी द्यायची असते. एकट्या पालकाचा अर्ज फायलीत राहतो. शाळेच्या लेटरहेडवर, मुख्याध्यापकांच्या सहीने आणि पन्नास पालकांच्या सह्यांसह गेलेल्या अर्जाला उत्तर द्यावे लागते.

आणि आपल्या हातातले? स्कूटरवर पुढे एक, मागे दोन आणि चालवणाऱ्या अब्बूच्या डोक्यावर नमाजची टोपी. हे दृश्य मी रोज पाहते. चार वर्षांवरच्या प्रत्येकाला दुचाकीवर हेल्मेट बंधनकारक आहे. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलासाठी चालकाला बांधणारा पट्टा आणि मुलाच्या मापाचे हेल्मेट हवे, वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत हवा, असा केंद्राचा नियम २०२२ मध्ये आला. मुलाच्या मापाचे हेल्मेट एका ईदच्या बुटांच्या किमतीत येते. पावसाळ्यात रेनकोट काळा किंवा गडद निळा घेऊ नका. पिवळा-केशरी घ्या, ट्रकवाल्याला लांबून दिसतो.

२०२५ मध्ये पाऊस २६ मेलाच पुण्यात पोचला, त्यामुळे शाळा उघडली तेव्हा रस्त्यावर खड्डे आणि सडक्या पाल्याचा चिखल आधीच होता. पहिल्याच आठवड्यात पालख्या पुण्यात आल्या, रस्ते बंद झाले आणि व्हॅनवाल्यांनी नवनवीन बोळ शोधले.

व्हॅनचा विषय निघाला आहे तर त्यावर जरा थांबते, कारण इथे पैशाचा प्रश्न आहे आणि तो आपण एकमेकांशी नीट बोलत नाही.

महाराष्ट्रात शाळेच्या वाहनांसाठी २०११ चे स्वतंत्र नियम आहेत. त्यानुसार गाडीला शालेय वाहतुकीचा परवाना लागतो, मदतनीस लागतो आणि मुली असतील तर महिला मदतनीस लागते. प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती असावी, तिच्यात पालकांचा प्रतिनिधी, वाहतूक पोलीस आणि आरटीओचा माणूस असावा, असेही त्यात लिहिले आहे. ही समिती कितीतरी शाळांत फक्त रजिस्टरमध्ये भरते. पालक गाडी ठरवतात ती भावावर: हा इतके म्हणतो, तो दोनशे कमी म्हणतो. दोनशे कमी घेणारा ते दोनशे रुपये कुठून काढतो? जास्त मुले बसवून, मदतनीस न ठेवून आणि कधी गाडीची कागदपत्रे न काढून. महिना पंधरा-अठरा हजारांत घर चालवणाऱ्याला "महाग गाडी लावा" असे सांगणे सोपे आहे, मी सांगणार नाही. पण एकाच गल्लीतल्या आठ-दहा घरांनी मिळून एका परवानाधारक गाडीवाल्याशी बोलणी केली तर भाव उतरतो. मोहल्ल्यातल्या भिशीसाठी बायका जितक्या चोख एकत्र येतात, तितक्या यासाठी आल्या तरी काम होईल.

गाडीत कोण बसवतो हा प्रश्न फक्त अपघाताचा नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये वानवडी भागात, आपल्यापासून हाकेच्या अंतरावर, शाळेच्या व्हॅनच्या चालकाने सहा वर्षांच्या दोन मुलींवर अत्याचार केल्याचा गुन्हा नोंदला गेला आणि त्याला अटक झाली. त्याआधी ऑगस्टमध्ये बदलापूरच्या शाळेत चार वर्षांच्या दोन मुलींची घटना घडली, लोक रेल्वे रुळांवर उतरले, मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. त्यानंतर सरकारने सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी, तक्रारपेटी, सखी सावित्री समिती यांबद्दल शाळांना पुन्हा आदेश दिले. सखी सावित्री समितीचा निर्णय तर मार्च २०२२ चा, म्हणजे बदलापूरच्या दोन वर्षे आधीचा. तुमच्या मुलीच्या शाळेत ही समिती आहे का आणि तिच्यात कोण आहे, हे विचारलेत का कधी?

दोन्ही ठिकाणी गोष्ट बाहेर आली ती मुलींनी घरी सांगितल्यामुळे. म्हणून मुलांशी बोलण्याची सवय हवी, आणि इथे आपल्या घरांत अडचण आहे. शरीराच्या भागांची नावे घेणे म्हणजे बेशरमपणा, असे आपण समजतो. चार वर्षांच्या मुलाला एवढेच सांगायचे असते: चड्डीच्या आतल्या जागेला कोणी हात लावायचा नाही, लावला तर अम्मीला सांगायचे, आणि "कोणाला सांगू नकोस" असे जो म्हणेल त्याचे नाव तर आधी सांगायचे. मुलग्यांनाही हेच सांगा, त्यांच्याबाबत आपण फारच बेफिकीर असतो. हे शाळेच्या गाडीला लागू आहे, ट्यूशनला आहे, मक्तबला आहे आणि घरी येणाऱ्या पाहुण्यालाही आहे. मक्तबचे नाव घेतल्याबद्दल काही वाचक नाराज होतील. पण जिथे जिथे मूल मोठ्या माणसासोबत एकटे असते तिथे नियम एकच हवा, दार उघडे हवे. चांगल्या उस्तादांना यात काहीच वावगे वाटत नाही. त्यांचीही त्यातच इज्जत राहते.

तक्रार केली तर बदनामी होईल, मुलीचे पुढे काय, या भीतीने घरे गप्प बसतात. २०१२ च्या पॉक्सो कायद्यात याची सोय आहे. मुलाचे नाव, शाळा, पत्ता जाहीर करता येत नाही. जबाब घरी घेता येतो, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने आणि गणवेशाशिवाय. मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. गुन्ह्याची माहिती असून कळवली नाही तर कळवणारा नव्हे, लपवणारा दोषी ठरतो. त्यात शाळाही आली. १०९८ हा चाइल्डलाइनचा नंबर फ्रिजवर चिकटवून ठेवा.

आता लस. या विषयावर आपल्या समाजात बोलताना जरा जपून बोलावे लागते, तरी बोलते.

२०२२ च्या दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडल्या तेव्हा मुंबईत गोवंडी, शेजारी भिवंडी आणि तिकडे मालेगावात गोवरची साथ पसरली. लहान मुले दगावली. या सगळ्या वस्त्या दाटीच्या, गरिबीच्या आणि मोठ्या प्रमाणात आपल्या लोकांच्या. कोरोनाच्या दोन वर्षांत लसीकरण मागे पडले होते, हे एक कारण. पण सगळा दोष कोरोनावर टाकता येत नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये राज्यात नऊ महिने ते पंधरा वर्षांच्या मुलांसाठी गोवर-रुबेलाची मोहीम शाळाशाळांतून झाली, तेव्हा "या सुईने मुले होत नाहीत" असे व्हॉट्सअॅप मेसेज फिरले. त्या दिवशी वर्गातली हजेरी निम्म्यावर येते म्हणजे काय, हे तेव्हाच्या कुठल्याही उर्दू शाळेच्या शिक्षकाला विचारा.

ही भीती आकाशातून पडलेली नाही. सरकारी माणूस एरवी वस्तीत फिरकत नाही, नळाला पाणी येत नाही, आणि अचानक एक दिवस गाडी भरून येते ती सुया घेऊन. शंका येणारच. २०११ मध्ये अबोटाबादला अमेरिकी गुप्तचरांनी लसीकरणाचा बनाव वापरला, त्याची किंमत पाकिस्तानातल्या पोलिओ कार्यकर्त्या अजून मोजत आहेत. पण आपल्या देशातला अनुभव पाहा. उत्तर प्रदेशात मुरादाबाद वगैरे भागांत पोलिओच्या थेंबांना असाच विरोध होता. उलेमा, मशिदी आणि मुस्लिम विद्यापीठांतले लोक पुढे आले, घरोघर गेले. जानेवारी २०११ नंतर भारतात नैसर्गिक (वाइल्ड) पोलिओचा रुग्ण सापडला नाही आणि मार्च २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला. २०२२ च्या साथीतही मशिदींमधून आवाहने झाली तेव्हा माता बाळांना घेऊन बाहेर आल्या. २०२५ चे हाजी जूनमध्ये परतू लागले. त्यांच्यातला प्रत्येक जण मेनिंजायटिसची लस टोचून गेला, कारण त्याशिवाय सौदीत प्रवेश नाही. दादाजींनी जी गोष्ट हजसाठी बिनतक्रार केली, ती नातवाच्या शाळेसाठी करायला काय हरकत आहे?

हिशेब सोपा आहे. गोवर-रुबेलाचे दोन डोस: पहिला नऊ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांत. पहिलीत जाण्याच्या वयात, पाच ते सहा वर्षांचे असताना, डीपीटीचा बूस्टर. दहाव्या आणि सोळाव्या वर्षी टीडी, म्हणजे धनुर्वात आणि घटसर्प. महापालिकेच्या दवाखान्यात हे सगळे मोफत आहे. दुसरा डोस आणि पाच वर्षांचा बूस्टर हेच सर्वांत जास्त राहतात, कारण बाळ चालायला लागले की आई-बाप निश्चिंत होतात. गोवर इतका झपाट्याने पसरतो की वस्तीतल्या शंभरातल्या पंचाण्णव मुलांना दोन्ही डोस मिळालेले असतील तरच तो थांबतो. अंगावर पुरळ आणि ताप असेल तर "माता आल्या" किंवा "गर्मी झाली" म्हणून घरगुती उपाय करत बसू नका. दवाखान्यात न्या, आणि पुरळ दिसल्यापासून निदान चार दिवस शाळेत पाठवू नका. कार्ड हरवले असेल तरी दवाखान्यात जा, राहिलेले डोस देतात.

पाण्याबद्दल जास्त लिहायची गरज पडू नये, इतके जानेवारी २०२५ मध्ये पुण्याने भोगले आहे. सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड गाव, धायरी या पट्ट्यात गुलेन बॅरी सिंड्रोमचे रुग्ण एकापाठोपाठ सापडले. धडधाकट माणसांचे हातपाय लुळे पडले, काहींना व्हेंटिलेटर लागला. तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आणि नोरोव्हायरस आढळले, म्हणजे मामला दूषित पाणी आणि अन्नाचा. घरी पाणी उकळा, मुलासोबत बाटली द्या. शाळेची टाकी शेवटची कधी धुतली, तारीख कुठे लिहिली आहे, हे विचारा. जुलाब लागले तर ओआरएस द्या. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. डेंग्यूचा डास दिवसा, म्हणजे शाळेच्या वेळात चावतो, तेव्हा पूर्ण बाह्यांचा गणवेश घाला आणि दारातल्या फळांच्या रिकाम्या क्रेटमध्ये, ताडपत्रीच्या खोलगट भागात साचलेले पाणी ओतून टाका. बकरी ईदचे मांस फ्रीजरमध्ये अजून असेल. वीज गेली-आली असेल तर मुलाच्या डब्यात ते देऊ नका.

आणखी एक गोष्ट आजारात मोजली जात नाही, मुलाचा दिवस. सकाळी शाळा, दुपारी मक्तब, संध्याकाळी ट्यूशन, मगरीबनंतर गृहपाठ. न्याहारी न करता आलेले मूल साडेदहाला बाकावर डोके टेकवते. आम्ही त्याला "लक्ष नाही" म्हणतो, खरे तर ते उपाशी असते. दीन आणि दुनिया दोन्ही शिकवायच्या आहेत, मान्य. पण मक्तब आणि ट्यूशन यांच्यामध्ये तासभर मोकळा ठेवता येतो, आणि दोन खजुरा, एक ग्लास दूध सकाळी पोटात जाऊ शकते.

हे सगळे शाळेला विचारायचे कुठे? २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात शाळा व्यवस्थापन समिती आहे. सरकारी आणि अनुदानित शाळांत तिचे तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि निम्म्या सदस्य महिला असाव्यात, असे कायदा सांगतो. आपल्या बाबतीत इथे एक खाच आहे. २०१२ च्या दुरुस्तीने अल्पसंख्याक शाळांमधल्या समितीला फक्त सल्ला देण्याचा अधिकार ठेवला, आणि २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याक शाळांना हा कायदाच लागू नाही असा निकाल दिला. संस्था चालवण्याचे स्वातंत्र्य मौल्यवान आहे, ते मी कमी लेखत नाही. पण महापालिकेच्या शाळेतली अम्मी कायद्याने जे विचारू शकते, ते आपल्याच समाजाच्या संस्थेतली अम्मी विचारू शकत नाही, हे मला खटकते. आपल्या संस्थांनी कायद्याची वाट न पाहता पालकांची समिती बसवावी, तिच्यात निम्म्या आया असाव्यात आणि टाकी, गाडी, फाटक यांची पाहणी त्या समितीने करावी.

पालक सभेला येत नाहीत, अशी शिक्षकांची जुनी तक्रार आहे. सभा बुधवारी सकाळी अकराला ठेवली तर पहाटे दोनपासून पोती वाहिलेला माणूस त्या वेळी झोपलेला असतो, आणि धुण्याभांड्याच्या कामावर गेलेली आई दुसऱ्याच्या घरी असते. फळ-भाजीबाजार शनिवारी बंद असतो आणि शाळा त्या दिवशी अर्धी असते. यार्डाच्या आसपासच्या शाळांनी पहिली पालकसभा शनिवारी दुपारी जुहरनंतर ठेवावी. येताना पालकांनी मुलाचे लसीचे कार्ड आणि व्हॅनवाल्याच्या परवान्याचा मोबाइलवर काढलेला फोटो आणावा.

फोटो देतो का तो, तेही त्या निमित्ताने कळेल.